बाटलीतलं बारसं

१

ज्या नांदेडहून समुद्र बघायचा तर अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते, त्या नांदेडात बसून वर्षाराणी समुद्रातल्या कृमींवर काम करायची. कॉलेजातले लोक तिला यावरून चिडवायचे. "मॅडम, गोदावरीतले किडे संपले का?" असं विचारायचे, आणि तीही हसून सांगायची, की गोदावरीतले सगळे आता ओळखीचे झालेत, त्यांचा काय अभ्यास करायचा. थट्टा सोडली तर ते खरंच होतं. नदीच्या गाळातल्या किड्यांपासूनच तिनं सुरुवात केली होती. पण चित्रात तिचा हात असा बसला होता, की गोव्याच्या एका संस्थेतले आनंदराज सर ती चित्रं पाहून तिला समुद्रातले नमुने पाठवू लागले. गेली काही वर्षं हे असंच सुखानं चाललं होतं.

या वर्षी आलेलं खोकं मात्र फार लांबचं होतं. दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्राच्या तळाचा चिखल एका जहाजानं वर काढला होता. तिथं उजेड कधी पोचत नाही आणि पाणी बर्फ होता होता राहिलेलं असतं. त्या चिखलातले मूठभर कृमी कुठल्याच जुन्या वर्णनाशी जुळत नव्हते. सर फोनवर म्हणाले, "नवी जात आहे मॅडम, माझी खात्री आहे. वर्णन तुम्ही लिहा, चित्रं तुम्ही काढा आणि नावही तुम्हीच ठेवा." त्या दिवशी वर्षाराणीनं कॉलेजातून येताना पेढे आणले.

प्रयोगशाळेत परीक्षा चालू होत्या, म्हणून प्राचार्यांना विचारून तिनं मायक्रोस्कोप घरी आणला. तरोडा नाक्यापाशी दुसऱ्या मजल्यावर तिचं भाड्याचं घर होतं. मागची खोली उन्हापासून लपलेली, घरातली सगळ्यात गार. तिथं टेबल, दिवा आणि भिंतीशी लोखंडी कपाट. कपाटात स्पिरिटनं भरलेल्या बोटभर उंचीच्या बाटल्या आणि प्रत्येक बाटलीत एक कृमी.

कृमी करंगळीएवढा, शिजवलेल्या शेवयीच्या रंगाचा. अंगाच्या दोन्ही कडांना सोनेरी, ताठ केसांचे झुपके, इतके सुबक की भिंगाखाली पाहिले की वर्षाराणीला बरं वाटायचं. त्याला डोळे नव्हते. जिथं उजेडच नाही तिथं डोळे काय करायचेत? आणि अर्थात तो मेलेला होता. जहाजावरच औषधात कडक केलेला, मग स्पिरिटमध्ये ठेवलेला.

"काय करून राहिली गं इतका वेळ? त्याच्या उवा काढून राहिलीस का?" दारातून आत्या विचारायची, आणि चहाची कपबशी टेबलाच्या पार कडेला ठेवून जायची, स्पिरिटपासून लांब.

आत्या म्हणजे शिवम्मा. मूळची उदगीरची, वर्षाराणीच्या वडिलांची थोरली बहीण. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. नवरा लग्नानंतर लवकर गेला, मूल झालं नाही. वर्षाराणीची आई गेली तेव्हा तिला आत्यानंच उचलून पोटाशी धरलं, ते आजतागायत. पुढं वडीलही गेले. वर्षाराणीनं लग्न केलं नाही आणि त्याची तिला खंतही नव्हती. घरी गेल्यावर दार उघडून "आलीस का, हात-पाय धू" म्हणणारं एक माणूस असलं की पुरे, असं तिला वाटायचं. जगात तिला असं माणूस एकच होतं.

२

नावाचा विषय निघाला तेव्हा आत्या करडईची भाजी निवडत होती.

वर्षाराणीनं तिला समजावून सांगितलं. नवी जात म्हटली की सगळ्या नमुन्यांतला एक निवडायचा. नाव त्या एकट्यावर चढतं. बाकीचे केवळ त्याच्यासारखे म्हणून त्या जातीचे. तो एक मग संग्रहालयात जातो, आणि संग्रहालय आहे तोवर नाव त्याच्यापाशी राहतं. माणसं येतात-जातात, पण तो बाटलीत तसाच असतो.

"म्हणजे ते नाव कधी मरत न्हाई," आत्या म्हणाली.

"न्हाई मरत."

"माणसाचं ठेवता येतं का?"

"येतं की. मोठमोठ्या शास्त्रज्ञांची ठेवतात, जहाजाच्या कप्तानाची ठेवतात."

"आन् आत्याचं?"

वर्षाराणी हसली. आत्या हसली नाही. भाजीचा देठ खुडत म्हणाली, "लेकरं असती तर मी गेल्यावर कुण्या नातीला माझं नाव ठेवलं असतं. तशी रीत हाय आपल्यात. मला कोण हाय? तू हायस, पण तू काय लगीन केलं न्हाईस. माझं नाव माझ्यासंगंच जाणार, वर्षाराणी. मला दुसरं काही नगं, पण ह्याचं वाईट वाटतं."

वर्षाराणीला भरून आलं. या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकरांची नावं ठेवली. भावाच्या घरातली सगळी बारशी तिच्याच हातची. वर्षाराणी हे नावही तिनंच शोधलेलं. घरात साऱ्या मुलींना देवादिकांची नावं, हिला मात्र आत्यानं राणी केलं होतं. तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं, की कृमीला शिवम्माचं नाव द्यायचं, आनंदराज सरांना काय वाटायचं ते वाटो.

"पण ठेवायचं तर नीट ठेवायचं, बारसं करून," आत्याची कळी खुलली. "नाव आत्यानं ठेवावं लागतं, आन् घरात आत्या मी हाय."

आणि खरोखरच बारसं झालं. आत्यानं गव्हाच्या घुगऱ्या शिजवल्या, गूळ-खोबरं घातलं. खालच्या मजल्यावरची आरती, घरमालकांची सून, तिला हौसेनं वर बोलावलं. दोन खुर्च्यांना वर्षाराणीची ओढणी बांधून झोळी केली. निवडलेल्या कृमीची बाटली त्या झोळीत, हळदीकुंकवाचं बोट लावून.

आरती हसून हसून बेजार झाली होती, पण मध्येच थांबली. "काकू, जिवंत माणसाचं नाव लेकराला ठेवत न्हाईत ना?"

"लेकराला न्हाई ठेवत," आत्या म्हणाली. "हे काय लेकरू हाय?"

आरती पुन्हा हसू लागली. वर्षाराणी आणि आरतीनं बाटली झोळीच्या वरून दिली, खालून घेतली. मग आत्या वाकली. बाटलीच्या झाकणाशी ओठ नेले आणि आपलं स्वतःचं नाव तिच्यात सांगितलं. "कुर्र" म्हणाली, तशी आरतीनं रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले.

काही झालं नाही. व्हायचं तरी काय होतं? तिघींनी पोटभर घुगऱ्या खाल्ल्या. आत्या इतकी खूश होती की रात्री निजेपर्यंत गुणगुणत होती.

३

उन्हाळा चढला. नांदेडचा उन्हाळा म्हणजे दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. कूलरच्या पाण्याची घाई, डोक्याला रुमाल, माठातलं पाणी. दर वर्षी आत्या याच दिवसांत सूर्याला अस्सल उदगिरी शिव्या देत असे. यंदा दिल्या नाहीत.

"मला न्हाई बाई गरम होत," ती म्हणायची, आणि कूलर बंद करायची. दुपारी मागच्या खोलीत कपाटाला पाठ टेकून, पाय पसरून बसायची. गुडघेही दुखेनासे झाले होते. वर्षाराणीला आनंद झाला. म्हातारपणी माणसाला आराम पडत असेल तर कारण कशाला विचारायचं?

मग एके दिवशी आरतीनं जिन्यातून हाक मारली, "शिवम्मा काकू, कोथिंबीर हाय का?"

आत्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. आरतीनं दुसऱ्यांदा हाक मारली. तेव्हा मागच्या खोलीतून एक बारीक आवाज आला. काचेवर बांगडी टेकावी, तसा.

"आत्या, आरती बोलावून राहिली," वर्षाराणी म्हणाली.

"मला? मग हाक मारायची की," आत्या म्हणाली आणि कोथिंबीर द्यायला उठली.

असं पुढं वरचेवर होऊ लागलं. वर्षाराणीनं आधी कानाडोळा केला, मग तिला आत्याच्या कानांचीच शंका आली. पण दूध उतू जायच्या आधीची सुरसुर आत्याला बाहेरच्या खोलीत ऐकू यायची. तरी ती तिला डॉक्टर लेनमधल्या एका दवाखान्यात घेऊन गेली. गर्दी होती. काउंटरवरच्या मुलीनं "शिवम्मा" असं पुकारलं. परत पुकारलं. आत्या भिंतीवरचं दातांचं चित्र बघत निवांत बसली होती. वर्षाराणीनं कोपर लावलं तेव्हा ती उठली.

डॉक्टरांनी तपासलं आणि हसले. "यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. वयाच्या मानानं तब्येत छान आहे. हात जरा गार आहेत, एवढंच."

रिक्षातून परत येताना वर्षाराणीनं आत्याचा हात हातात घेतला. बाहेर लूच्या गरम झळा येत होत्या आणि तो हात माठासारखा गार होता.

४

कृमीचं चित्र काढायची एक रीत असते. मायक्रोस्कोपला एक छोटा आरसा जोडलेला असतो. त्यातून एकाच वेळी भिंगाखालचा कृमी दिसतो आणि टेबलावरचा कागदही. मग कृमीच्या कडेवरून पेन्सिल फिरवायची. चूक व्हायला जागाच नसते, कारण आपण काढत नाही, नुसतं गिरवतो.

बारशाच्या आधी वर्षाराणीनं डोक्याकडची बाह्यरेषा अशीच गिरवून ठेवली होती. आता बारकावे भरायला तिनं तो कागद परत आरशाखाली सरकवला, आणि रेषा जुळेना. कागदावर डोकं डावीकडं वळलेलं होतं. भिंगाखाली ते सरळ होतं.

तिनं कागद फिरवून पाहिला. आरसा पुसला. मग स्वतःचीच समजूत घातली. स्पिरिटमध्ये मेलेलं शरीर कधी आखडतं, कधी सैल पडतं. उन्हानं खोली तापली असेल. बारशात बाटली हिंदकळलीच होती की. तिनं नवी बाह्यरेषा काढली, आत्यानं आणलेला चहा प्याली आणि तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी डोकं उजवीकडं होतं.

उजवीकडं खोलीचं दार होतं. दारातून सरळ पाहिलं की जिना.  वर्षाराणीनं कृमी बाटलीत घालून बाटली टेबलावर आडवी ठेवली, शेपटी दाराकडं येईल अशी, आणि कॉलेजात निघून गेली. तिथं पेपर तपासले, कुणाच्या तरी निवृत्तीचा समोसा खाल्ला. घरी येऊन आधी मागच्या खोलीत गेली. कृमीचं अंग बाटलीत दुमडलं होतं आणि डोकं दाराकडं होतं.

तिनं टेबल दुसऱ्या भिंतीला लावलं. तरीही संध्याकाळपर्यंत डोकं दाराकडंच आलं. बाकीच्या बाटल्यांतले कृमी जसेच्या तसे होते. ते नुसते मेलेले किडे होते, बिचारे.

आत्या कपाटाला टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटून. चेहऱ्यावर असं समाधान की वर्षाराणीला तिला काही विचारावंसं वाटेना.

"बरं वाटून राहिलं का आत्या?"

"लई बरं. कसली तकलीफ न्हाई बघ. गार हाय, शांत हाय. लई खोल झोप लागावी तसं."

"पण तू तर जागी हायस."

"हाव की," आत्या म्हणाली, आणि हसली.

५

रविवारची दुपार होती. आत्या स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होती. खमंग वास सुटला होता, बाहेर कुणाच्या तरी टीव्हीवर क्रिकेट चाललं होतं. भ्यायला जागाच नाही अशी ती वेळ, आणि वर्षाराणीनं ती मुद्दाम निवडली होती. ती शास्त्राची बाई होती. शंका आली की तपासून बघायची, एवढंच तिला ठाऊक.

तिनं कृमी काचेच्या वाटीत घेतला, वर स्पिरिट ओतलं, भिंगाखाली ठेवला. दार लोटून घेतलं. स्वतःचे हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवले, हिसका लागू नये म्हणून. स्पिरिट स्थिर झालं. कृमी पडून होता, पांढरट, कडक.

"आरती," ती हळूच म्हणाली. काही नाही.

"आनंदराज." काही नाही. तिला स्वतःचंच हसू आलं.

मग ती म्हणाली, "शिवम्मा."

आधी केस हलले. एका कडेचे सोनेरी झुपके एकामागून एक उभे राहत गेले, शेपटीपासून डोक्यापर्यंत, हाक अंगातून वर चढत जावी तसे. मग डोकं वाटीच्या तळावरून उचललं गेलं, थोडंसंच. डोळे नसलेलं ते तोंड भिंगाकडं वळलं. काम करताना मध्येच कुणी हाक मारली की आत्या अशीच मान जराशी तिरकी करायची.

खुर्ची मागं पडली. वर्षाराणीनं परत पाहिलं तेव्हा कृमी तळावर पडलेला होता. झुपके अंगाला चिकटलेले. स्पिरिटवर मात्र एक बारीक लाट अजून वाटीच्या कडेला टेकत होती.

ती स्वयंपाकघराच्या दारात गेली. आत्या पाठमोरी बसून दाणे हलवत होती.

"शिवम्मा," वर्षाराणीनं हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं आत्याला नावानं हाक मारली होती. आत्याची पाठ हलली नाही. मागच्या खोलीत काच किणकिणली.

"आत्या."

"ओ. ये की, दाणे खा."

वर्षाराणी तिच्यापाशी खाली बसली.  "आत्या, तुझं नाव काय गं?"

आत्यानं उलथणं थांबवलं. आठवायचा प्रयत्न करत वर बघितलं, मग खांदे उडवले. कसलंच दुःख नाही, कसली घाई नाही.

"तू सांग की," ती म्हणाली.

६

त्या आठवड्यात दोन गोष्टी व्हायच्या होत्या. लेखाचं शेवटचं प्रूफ तपासून पाठवायचं होतं आणि निवडलेल्या कृमीची बाटली संग्रहालयाकडं जायची होती, दूर, दुसऱ्या राज्यात. एकदा ती गेली की आत्याचं नाव तिच्याबरोबर जाणार, आणि मग इथं कूलर बंद करून कपाटाला टेकून बसलेलं कोण उरणार, हा विचार वर्षाराणीला सोसवेना. बाटली न पाठवता घरात ठेवावी, तर जन्मभर हाक मारली की ते डोकं उचलणार. तेही सोसण्यासारखं नव्हतं.

तिनं प्रुफात नाव बदललं. माणसाचं नाव काढलं, जिथून कृमी आला त्या समुद्राचं घातलं. आनंदराज सरांनी फोन केला. "का हो मॅडम? आधीचं नाव गोड होतं."

"मानवलं नाही सर," ती म्हणाली. सर हसले, आणि बरं म्हणाले.

पण कागदावरचं नाव खोडून काय होणार, हे तिला कळत होतं. कानात सांगितलेलं नाव कागदावर नव्हतंच. तेव्हा तिला उदगीरची एक रीत आठवली. लेकरू सारखं रडत असलं, अंगी लागत नसलं, की नाव मानवलं नाही म्हणतात आणि दुसरं ठेवतात. जिनं पहिलं ठेवलं तिनंच दुसरं ठेवायचं.

"आत्या, त्याला दुसरं नाव ठेव," ती म्हणाली. तिनं बाटली आत्याच्या हातात दिली. "कुठलंही ठेव. देवाचं ठेव, फुलाचं ठेव. पण हे काढ."

"का गं? काय बिघडलं?"

"माझ्यासाठी ठेव."

आत्यानं तिच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर घाम, डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले. आत्यानं मायेनं तिचा घाम पदरानं पुसला. "लई दमलीस माय तू," ती म्हणाली. मग बाटली तोंडाशी नेली, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटली. "कुर्र" म्हणाली. या वेळी पाठीत धपाटे घालायला आरती नव्हती. ते वर्षाराणीनं घातले, अगदी हळू.

"काय ठेवलंस?"

"ठेवलं एक. चांगलं हाय."

संध्याकाळी आरतीनं जिन्यातून हाक मारली, "शिवम्मा काकू, दही विरजायला देता का?"

"आले गं," आत्या ओरडली. "आले, जरा दम धर, गुडघे धरलेत माझे. आन् हा कूलर कुणी बंद केला? जीव घेता का काय माझा?"

वर्षाराणी न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली. इतका आनंद तिला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

७

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं बाटली कापसात गुंडाळली, खोक्यात घातली आणि स्टेशनजवळच्या कुरिअरवाल्याकडं दिली. त्यानं चिकटपट्टी मारली, शिक्का मारला, खोकं मागच्या ढिगावर ठेवलं. तिच्या मनावरचं ओझं गेलं. इतकं हलकं वाटलं, की रिक्षा न करता ती पायीच निघाली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर मऊ झालं होतं, चप्पल चिकटत होती. तिनं डोक्याला रुमाल बांधला नव्हता आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही. सावलीची गरज वाटत नव्हती. रसवंतीवाल्यानं "ताई, रस घ्या" म्हटलं, तर तहानही नव्हती. फार दिवसांनी अंगात कसलीच घाई नव्हती. जिथं जावं तिथं आपण आधीच पोचलो आहोत, असं काहीतरी वाटत होतं, आणि ते छान होतं.

घर आलं. वर गॅलरीत आत्या उभी होती, कठड्यावरून वाकून. तिचे ओठ हलत होते. हात हलवून ती कुणाला तरी बोलावत होती. आत्या कुणाला बोलावतेय म्हणून तिनं मागं वळून पाहिलं. मागं रस्ता रिकामा होता.

जिन्याच्या तोंडाशी आरती दही घेऊन आली होती. तिनं हात धरला, आणि लगेच सोडला. "मॅडम, काकू केव्हाच्या हाका मारून राहिल्या. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं."

"कुणाला मारून राहिल्या?" तिनं विचारलं.

आरती तिच्याकडं बघत एक पायरी मागं सरली. तिला तिथंच सोडून ती वर आली. आत्या दारातच होती. तिनं दोन्ही हातांनी तिचे गाल धरले. आत्याचे हात आज गरम होते, घामेजलेले होते.

"गार वाटून राहिलं का?" आत्यानं विचारलं.

"लई गार," ती म्हणाली. "लई बरं वाटून राहिलं आत्या."

"मला वाटलंच. तिथं लई निवांत हाय गं. मी र्‍हाऊन आले न्हवं का. तू जन्मभर राबलीस, तुला पण मिळावं वाटलं. आन् मला दुसरं नाव कुठून यायचं? लाडाचं म्हणून मी एकच ठेवलं आजवर." आत्या बोलता बोलता थांबली. काहीतरी आत टोचल्यासारखा तिचा चेहरा झाला. गालांवरचे हात घट्ट झाले. "तुझं नाव सांग बरं मला."

तिनं आठवून पाहिलं. आठवण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. कुठंतरी एका खोक्यात, कापसात, काहीतरी अंधारात मान वळवून पडलं होतं, आणि ते सुखात होतं.

"तू सांग की," ती म्हणाली.

आत्यानं सांगितलं. परत सांगितलं. मग तिला पोटाशी धरून ती तेच नाव पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, रडत, कानाशी ओठ नेऊन, बारशात म्हणतात तसं. ती मन लावून ऐकत होती. नाव छान होतं, कुणाचं का असेना.